चौदावी पायरी

पत्र मंगळवारी आलं. नगरपालिकेचं होतं, त्यामुळे ताईने ते आधी वाचलं नाही, तपासलं. छापखान्यात सत्तावीस वर्षं प्रुफं वाचणाऱ्या माणसाचं असंच होतं. घराला आग लागल्याची चिठ्ठी कुणी हातात दिली, तरी तिला आधी ऱ्हस्वदीर्घ दिसले असते, आग मागाहून.

पत्र एका पानाचं होतं आणि त्यात तीन चुका होत्या. तिने लाल पेन्सिलीने तिन्हींना गोल केले, समासात खुणा केल्या आणि मग तिला वरच्या पत्त्यातली चौथी चूक दिसली. बाबांच्या नावाआधी 'श्री.' छापलं होतं. दहा आठवड्यांपूर्वी ते बरोबर होतं. तिथे पेन्सिल थोडा वेळ थांबली. मग ताईने ती कप्प्यात ठेवून दिली आणि पत्र माणसासारखं वाचायला घेतलं.

विषय होता, 'पायऱ्यांना कठडा बसविणेबाबत'. त्यांच्या इमारतीला लागूनच वरच्या रस्त्यावरून खालच्या रस्त्यावर उतरणारा एक दगडी जिना होता. खाली भाजीबाजार, दवाखाना आणि चार बाकांची एक बाग. बाबा आणि आई रोज सकाळी तिथे उतरायचे. जिन्याला धरायला काही नव्हतं, म्हणून आई बाबांचा हात धरायची आणि बाबा नगरपालिकेला अर्ज करायचे. सहा वर्षांत अकरा अर्ज. बाबा निवृत्त आरेखक. प्रत्येक अर्जाला नकाशा जोडलेला. प्रत्येक वेळी ते कागद ताईपुढे धरून म्हणायचे, "जरा नजर टाकतेस का?" आणि ताई दुसऱ्या कुणाच्या तरी प्रुफातून मान वर न करता म्हणायची, "ठेवा तिथे, बघते." अकरा वेळा ठेवले, अकरा वेळा पाहायचे राहिले.

बाबा गेल्यापासून आई जिना उतरली नव्हती. विचारलं की एकच शब्द यायचा, "गुडघे." दिवसभर ती खिडकीत बसायची. खिडकी बरोबर जिन्यावर उघडत होती.

आणि आता नगरपालिका म्हणत होती, की शुक्रवारी अकरा वाजता संयुक्त पाहणी होईल. अर्जदाराने जातीने हजर राहावे. न राहिल्यास तक्रार उरलेली नाही असे समजण्यात येईल.

ताई सरळ माणूस होती. बुधवारी अर्धी रजा टाकून ती वॉर्ड ऑफिसात गेली. वाटेत तिने एक वाक्य तयार केलं होतं, 'माझे वडील वारले.' तीन शब्द. जोडाक्षर एकही नाही. तरीही गेल्या दहा आठवड्यांत ते तिने एकदाही उच्चारलं नव्हतं. तशी वेळच आली नाही. नातेवाइकांना फोन समोरच्या वकीलकाकूंनी केले, छापखान्यात मॅनेजरनेच सगळ्यांना सांगितलं. लोक तिच्याकडे आले ते कळूनच आले.

खिडकीपाशी तिच्या पुढे एक गृहस्थ होते. त्यांच्या वडिलांनी एका वाकलेल्या झाडाबद्दल अर्ज केला होता.

"वडील कुठेत?" कारकुनाने विचारलं.

"वारले हो, मागच्याच महिन्यात."

कारकुनाने हळहळ व्यक्त केली. खरोखरच केली, वाईट माणूस नव्हता तो. मग शिक्का उचलून कागदावर मारला. "अर्जदार मयत. अर्ज निकाली."

"अहो, पण झाड तसंच वाकलंय ना!"

"झाडाने अर्ज केलाय का? तुम्ही नवा करा. नवा नंबर पडेल."

"किती दिवस लागतील?"

"वडिलांना किती लागले होते?"

गृहस्थ हिशेब करत बाजूला झाले आणि ताई खिडकीशी आली.

"अर्जदार?"

"माझे बाबा."

"ते नाही आले?"

ताईने तोंड उघडलं. तीन शब्द जिभेवर रांगेत उभे होते. समोर शिक्का होता, अजून ओला. त्यामागे सहा वर्षं, अकरा नकाशे आणि खिडकीत बसलेली आई.

"ते गावाला गेलेत," ताई म्हणाली.

दुसऱ्यांच्या लाखभर चुका तिने आजवर दुरुस्त केल्या असतील. स्वतः छापलेली ही पहिलीच. बाहेर येऊन ती ऑफिसच्या पायरीवर पाच मिनिटं नुसती बसली.

वकीलकाकूंना मात्र यात काही गैर दिसलं नाही. वकीलकाकू स्वतः वकील नव्हत्या. पण बेचाळीस वर्षं वकिलाच्या पंगतीला बसल्यामुळे कायदा त्यांच्या अंगी आपसूक लागला होता. काका जाऊन सात वर्षं झाली तरी त्यांची प्रॅक्टिस काकूंनी बंद होऊ दिली नव्हती.

"खोटं बोललीस ते बोललीस," त्या म्हणाल्या. "आता साक्षीदार सांभाळ. खोट्याने कुणी अडकत नाही गं ताई, लोक अडकतात ते साक्षीदारांनी."

"काकू, मी शुक्रवारी खरं काय ते सांगून टाकते."

"आणि आई? ती काय खिडकीतूनच भाजी घेणार आहे का जन्मभर? तू गप्प बस. मी सांगते सगळ्यांना."

काकूंनी सांगितलंही. पण कोर्टकचेरीची गोष्ट म्हणून इतकं दबक्या आवाजात, इतकं अर्धवट सांगितलं, की ऐकणाऱ्याच्या पदरात फक्त एवढंच पडलं: साहेबांबद्दल, म्हणजे बाबांबद्दल, विचारलं तर 'इथे नाहीत' म्हणायचं. कुठे आहेत, ते ज्याने त्याने आपापल्या मगदुराप्रमाणे ठरवायचं होतं.

शुक्रवारी कनिष्ठ अभियंता आला तो पावणेबाराला. हडकुळा, कमरेला टेप, काखेत फायलीतल्या नकाशाची झेरॉक्स. आल्या आल्या तो पहिल्या पायरीवर बसला, नकाशा मांडीवर पसरला आणि पुढची पाच मिनिटं बोटाने एकेक रेघ तपासत राहिला.

"हा कुणी काढलाय?" शेवटी त्याने विचारलं.

"बाबांनी."

"पेन्सिलीने?" त्याने कागद तिरपा करून पाहिला. "बाई, आमच्या ऑफिसात एवढी सरळ रेघ मारणारा माणूस नाही. हे बघा, रेलिंग शेवटच्या पायरीच्या पुढे एक फूट नेलंय. आणि खाली लिहिलंय, 'पाय आधी पोचतो, हात मागून सुटतो.' हे आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं. करत कुणी नाही. मला भेटायचंय यांना. कुठे आहेत?"

ताईने खाली पाहिलं. खाली जिन्याच्या पायथ्याशी शिंपीकाकांचं दुकान होतं. ते मशीनवरून उठून मदतीला धावले.

"साहेब ना? मुलाकडे गेलेत."

बाबांना मुलगा नव्हता.

"हवापालटाला," तेवढ्यात वरून दूधवाला म्हणाला. "छातीचं होतं ना त्यांच्या."

"कामानिमित्त गेलेत," वकीलकाकू ठासून म्हणाल्या. "अधिक खुलासा आम्ही योग्य वेळी करू."

अभियंत्याने तिघांकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. ताईला सवयीने उलटं वाचता येत होतं. लिहिलं होतं, 'अर्जदार बहुधा फिरतीवर.'

मग त्याने टेप काढून पायऱ्या मोजल्या. वरून खाली तेरा. खालून वर तेरा. नकाशात चौदा.

"शक्य नाही," ताई म्हणाली. बाकी कशाबद्दल ती खात्री देऊ शकली नसती; पण बाबांनी चौदा लिहिलं म्हणजे चौदा. ज्या माणसाने आयुष्यात फूटपट्टीशिवाय शेवग्याची शेंगही कापली नाही, तो पायरी कशी चुकेल?

"नकाशा आणि जागा जुळत नाही. अर्जदाराने समक्ष खुलासा करायला हवा. मी तरी काय करू? आणि हे रेलिंग उतरताना डावीकडे दाखवलंय. का, ते लिहिलेलं नाही."

हे त्याने विचारायला नको होतं. शिंपीकाकांच्या मते रेलिंग उजवीकडेच हवं, कारण तीस वर्षं लोक त्यांच्या डोळ्यांदेखत उजवीकडेच पडत आले होते. दूधवाल्याची किटली उजव्या हातात, त्यामुळे त्याचं मत डावीकडे. वकीलकाकूंनी तडजोड म्हणून मधोमध घालायची सूचना केली, म्हणजे दोन्हीकडून धरता येईल आणि कुणाची हरकत राहणार नाही. अभियंता टेप गुंडाळत म्हणाला, की रेलिंग कुठल्याही बाजूला बसवलं तरी ते चौदाव्या पायरीवर बसवता येणार नाही, कारण चौदावी पायरीच नाही.

"आहे," शिंपीकाका अचानक म्हणाले. "होती! खालचा रस्ता दोनदा वर चढवला ना. मी दुकान घेतलं तेव्हा उंबऱ्यासमोर एक पायरी जास्त होती. डांबराखाली असणार ती."

"कागदोपत्री—"

"कागद बिगद ठेवा बाजूला. थांबा!" शिंपीकाका दुकानात शिरले आणि पहार घेऊन बाहेर आले. शिंप्याच्या दुकानात पहार कशाला, हे तेव्हा घाईत कुणी विचारलं नाही, आणि पुढे विचारायला फुरसत मिळाली नाही.

कारण चौथ्या घावाला दगड लागला. "चौदा!" असं सगळे एका सुरात ओरडले. खिडकीत आईसुद्धा उठून उभी राहिली. आनंदाच्या भरात शिंपीकाकांनी पायरीची कड मोकळी करायला पाचवा घाव घातला, आणि खालच्या रस्त्याची पाण्याची मुख्य नळी फुटली.

पाणी पुरुषभर उंच उडालं. अभियंत्याची वही भिजली, शिंपीकाकांच्या दुकानातले इस्त्री केलेले बारा शर्ट भिजले, आणि दूधवाल्याची किटली उघडी होती; त्यावर लोकांनी पुढे आठवडाभर नको ते विनोद केले. खालच्या रस्त्याला दोन दिवस पाणी आलं नाही.

सोमवारी पाणीपुरवठा खात्याची नोटीस आली. खोदकाम ज्या अर्जासंबंधात झाले त्या अर्जदारास, सार्वजनिक मालमत्तेची नासधूस केल्याबद्दल. पुन्हा 'श्री.'. रस्ता मोकळा असला तरी पांढऱ्या पट्ट्यांवरूनच ओलांडणाऱ्या माणसाला, जाऊन अकरा आठवडे झाल्यावर, रस्ता फोडल्याची नोटीस! ताईला हसू आलं, मग हसू येतंय याचा राग आला, आणि मग बराच वेळ स्वयंपाकघरात जाऊन ती धुतलेले कप पुन्हा धूत बसली.

बोभाटा झाल्यावर नगरसेविका येणं ओघानेच आलं.

नगरसेविका पूर्वी शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. निवडून येऊन आठच महिने झाले होते आणि गळ्यातली शिट्टी अजून उतरली नव्हती. दर रविवारी दहा वाजता त्या वॉर्डात कुठेतरी टेबल मांडून 'थेट भेट' घ्यायच्या. प्रत्येक तक्रारीला दोन मिनिटं, मग शिट्टी. पहिल्या भेटीला त्यांनी सवयीने लोकांना उंचीप्रमाणे उभं केलं होतं, त्यामुळे बुटक्यांची गटारं आधी साफ झाली आणि उंच लोक अजून धुसफुसत होते. मागे सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणत. पण म्हणताना चेहऱ्यावर जरा कौतुकच असे. नगरसेवक म्हणजे पोस्टरवर हात जोडून उभं राहणारं माणूस, हीच ज्यांची समजूत, त्यांना गटारात वाकून बघणारं कुणीतरी पहिल्यांदाच दिसत होतं.

त्यांनी उकरलेली पायरी पाहिली. फाइल मागवली, चाळली. अकरा नकाशे एकावर एक ठेवले.

"या गृहस्थांनी अकरा वेळा सांगितलं चौदा," त्या अभियंत्याला म्हणाल्या, "आणि आपण काय केलं?"

"तेरा मोजल्या, बाई."

"एकदा तरी खाली वाकून?"

अभियंता टेप पुन्हा गुंडाळू लागला.

"नोटीस रद्द. रेलिंग माझ्या निधीतून. पुढच्या रविवारी थेट भेट इथेच, आणि या साहेबांचा सत्कार. वॉर्डातला सगळ्यात चिकाटीचा नागरिक!" त्यांनी ताईकडे वळून पाहिलं. "कधी येतायत गावाहून?"

ताई म्हणाली, "बाई, त्यांना सत्कार वगैरे आवडत नाहीत." एवढं तरी खरं होतं.

"कुणालाच आवडत नाहीत. मी घरी येऊन पटवते."

आणि गुरुवारी संध्याकाळी त्या खरंच आल्या. दार आईने उघडलं. ताई मागे, हातात टॉवेल. आता आईच्या तोंडून निघणार. दोन वाक्यांत सगळं बाहेर येणार, आणि तेही आईलाच म्हणावं लागणार, हे सगळ्यात वाईट.

"साहेब आले का गावाहून?" नगरसेविकांनी विचारलं.

आईने मान वळवून ताईकडे एकदा पाहिलं. फार नाही, सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच वेळ.

"नाही अजून," आई म्हणाली. "तुम्ही बसा ना."

नगरसेविका बसल्या. नेमक्या बाबांच्या खुर्चीत. समोर टेबलावर बाबांचा चष्मा होता, शेजारी टोक केलेल्या तीन पेन्सिली. आईने चहा केला. नगरसेविका बोलत होत्या: रेलिंगचं काम शनिवारी संपेल, पण सध्या नुसतं बोल्टवर उभं राहील, अर्जदाराने समक्ष 'काम समाधानकारक' अशी सही केल्याशिवाय काँक्रीट भरायचं नाही असा नियम आहे, आणि पलीकडच्या दवाखान्याची मागणी आधीच नंबरात आहे, सही झाली नाही तर हेच रेलिंग उचलून तिकडे न्यावं लागेल, माझा इलाज नाही. आई हूं हूं करत होती. ताईला वाटत होतं, चष्मा निदान उलटा तरी ठेवायला हवा होता. तो सरळ पाहुण्यांकडे बघत होता.

पाहुण्या गेल्यावर मायलेकींनी कप उचलले. आईला हे खोटं कुठून कळलं, ते ताईने विचारलं नाही. वकीलकाकूंचा दबका आवाज चार घरांत ऐकू जायचा. ताईच्या मनात एकच आलं: आईला ते अजून म्हणवत नाहीये. मग आपण तरी कशाला बोलून दाखवायचं?

रविवार उजाडला. जिन्याच्या पायथ्याशी मांडव, टेबल, माइक. वर, खिडकीच्या थेट खाली, नवं निळं रेलिंग. उतरताना डाव्या बाजूला, अगदी नकाशाबरहुकूम. खाली उघड्या केलेल्या चौदाव्या पायरीच्याही पुढे ते एक फूट गेलं होतं. अभियंत्याने दोन वेळा हात फिरवून पाहिलं होतं. मांडवात पहिल्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या ठेवल्या होत्या. एकीवर पाठीमागे कागद चिकटवलेला, 'सत्कारमूर्ती'. वॉर्ड ऑफिसचा कारकून फाइल आणि शिक्का घेऊन आला होता.

शिट्टी वाजली. चार गटारं, एक दिवा, एक भटकी गाय झाली. गाईला दोन मिनिटं पुरली नाहीत. मग नगरसेविकांनी माइक हातात घेतला.

"आता आपले आजचे पाहुणे. आले का साहेब?"

वकीलकाकूंनी मागून कुजबुजल्यासारखं करत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आजारी आहेत म्हण!" शिंपीकाका म्हणाले, "मुलाकडेच आहेत म्हणा." दूधवाला म्हणाला, "गाडी चुकली!"

ताई उभी राहिली. तिने काहीच ठरवलं नव्हतं. पण त्या तीन वाक्यांत बाबा आजारी होते, कुणा मुलाकडे होते आणि कुठल्याशा स्टेशनवर एकटे उभे होते. वेळेआधी वीस मिनिटं स्टेशनवर पोचणारा माणूस. हे तिला सहन झालं नाही.

तिने माइक घेतला.

"मी खोटं बोलले," ती म्हणाली. "तीन आठवडे. बाकी सगळे माझ्यासाठी बोलले. माझे वडील वारले. बारा आठवडे झाले. पत्र आलं तेव्हाच ते नव्हते."

दोन मिनिटं केव्हाच होऊन गेली. शिट्टी वाजली नाही. नगरसेविकांचा हात शिट्टीवर होता आणि तिथेच राहिला. कुणाची तरी खुर्ची करकरली.

माइक चालूच होता, त्यामुळे कारकून शेजाऱ्याशी जे पुटपुटला तेही सगळ्यांना ऐकू गेलं, "आता अवघड आहे. अर्जदार मयत, अर्ज निकाली. सही कोण करणार?"

"अहो, रेलिंग उभं आहे समोर!" अभियंता म्हणाला.

"उभं असू दे. सही नाही तर काँक्रीट नाही. नियम मी केलेला नाही."

नगरसेविका काही बोलणार, एवढ्यात वरून आवाज आला.

"एक मिनिट थांबा."

आई जिन्याच्या माथ्यावर उभी होती. उजव्या हातात भाजीची पिशवी. तिने डावा हात रेलिंगवर ठेवला, थोडा दाबून पाहिला, आणि पहिली पायरी उतरली.

ताई पुढे धावली, तशी आई म्हणाली, "तू थांब तिथेच. मला मोजू दे."

ती सावकाश उतरत होती. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून, मग पुढची. मांडवातले लोक आपोआप तिच्याबरोबर मोजायला लागले, आधी मनात, मग ओठांत. दहाच्या पुढे शिंपीकाकांचा आवाज सगळ्यात मोठा होता. तेरा. आणि चौदा. आईचे पाय रस्त्यावर टेकले. हात अजून रेलिंगवर होता, एक फूट पुढे, आणि मग सुटला. अभियंत्याने नाक ओढलं आणि टेप शोधत असल्याचं नाटक केलं.

"काय झालंय? कुणाची सही हवीय?" आईने कारकुनाला विचारलं.

"आजी, अर्जदाराची."

"मग विचारा की मला."

"तुमचा अर्ज नाहीये, आजी. अर्ज साहेबांचा आहे."

"कागद उलटा."

"काय?"

"कागद उलटा हो. मागची बाजू बघा."

कारकुनाने फायलीतला अकरावा अर्ज उलटला. मग दहावा. मग एकेक करत पार पहिल्यापर्यंत गेला. त्याचे कान लाल झाले. सहा वर्षांत अकरा कागद नोंदवले गेले, शिक्के बसले, समोरच्या बाजूच्या झेरॉक्सा निघाल्या, आणि पान उलटायचं कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"वाचा मोठ्याने," नगरसेविका म्हणाल्या.

कारकुनाने माइक जवळ ओढला आणि पत्रकं वाचायच्या आपल्या ठेवणीतल्या आवाजात वाचलं, "'सहअर्जदार: माझी पत्नी. सही. कठडा उतरताना डाव्या हाताला असावा. सहअर्जदाराच्या उजव्या हातात पिशवी असते. सध्या डावा हात मी धरतो. ही व्यवस्था...'" त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. "'ही व्यवस्था तात्पुरती समजावी.'"

त्यानंतर मांडवात जे झालं ते सांगण्यासारखं नाही. वकीलकाकूंनी रुमाल मागितला आणि शिंपीकाकांनी घाईत त्यांना कुणाच्या तरी कोटाचं अस्तर दिलं, एवढं पुरे.

आईने तीन ठिकाणी सही केली. 'काम समाधानकारक' या शब्दांवर ती क्षणभर अडली आणि मग पुढे गेली. कारकुनाने शिक्का उचलला, "अर्ज निकाली" म्हणाला, आणि या खेपेला त्याने तो हलकेच टेकवला. नगरसेविकांनी शिट्टी फुंकली, लांबलचक, मॅच संपल्यासारखी.

गर्दी पांगल्यावर मायलेकी पहिल्या रांगेतल्या त्या दोन खुर्च्यांवर बसल्या.

"सही केली होतीस तर बोलली का नाहीस?" ताईने विचारलं.

"मला विचारलं कुणी? जो तो आपला साहेब कुठेत, साहेब कुठेत. आणि ती निकाली बिकालीची भानगड मला आज माइकवरून कळली."

"आणि गुरुवारी? बाईंना 'नाही अजून' का म्हणालीस?"

आईने पिशवीची घडी घातली. "तू गावाला गेलेत म्हणालीस ना. मला वाटलं, तुला अजून म्हणवत नाहीये. मग मी कशाला मध्ये बोलून टाकू?"

आईने तिच्या हातावर हात ठेवला, डावा. मग ती उठली, बाजारात गेली, आणि बारा आठवड्यांनी स्वतः निवडलेली भाजी घेऊन परत आली. जिन्याशी येऊन मात्र ती उभी राहिली.

"काय गं?"

"जाताना डावीकडे होतं ते येताना उजवीकडे आलंय," आई म्हणाली. "उजव्या हातात पिशवी. आणि आता ती भरलेलीय."

ताईने रेलिंगकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. "बाबांना हे सुचलं नाही?"

"येताना पिशवी ते घ्यायचे ना."

बारावा अर्ज त्याच दुपारी लिहिला गेला. बाबांच्या टेबलावर, बाबांच्याच पेन्सिलीने. विषय: दुसऱ्या बाजूसही कठडा बसविणेबाबत. नकाशा ताईने काढला. रेघ तीन वेळा खोडावी लागली आणि तरीही ती अभियंत्याला दाखवण्यासारखी झाली नाही. अर्जदार म्हणून आईने पुढच्या बाजूला सही केली, ठळक. खाली ताईने लाल अक्षरात लिहिलं, 'कृपया मागील बाजू पाहावी', आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

मग सगळ्यात वर संदर्भ लिहायचा राहिला होता: याआधीचे अकरा अर्ज आणि ते करणाऱ्याचं नाव. तिने आधी 'कै.' लिहिलं, मग बाबांचं नाव.

अर्ज पाकिटात घालण्यापूर्वी तिने तो सवयीप्रमाणे लाल पेन्सिल हातात धरून पहिल्या अक्षरापासून वाचला. वरच्या ओळीपाशी थोडी थांबली. पुन्हा एकदा वाचलं. चूक नव्हती.